आजीच्या हातांचा रंग

लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांनी माझी फिल्म काचेवर ठेवली, खालची ट्यूब लावली आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "काय वं पोरी, हे तर उलटी बुडी आहे. डावं उजवं झालं, काळं पांढरं झालं. कायले पाह्यजे तुले असं?"

चांदूर रेल्वेतल्या ह्या दुकानात मी लहानपणी राखीपौर्णिमेच्या आसपास रंगीत कागदाच्या कतरणी मागायला जायचे. परवा गेले ते त्यांची एक्सपोजिंगची पेटी मागायला. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे ही पेटी असते: वर काच, आत यूव्ही ट्यूब. मसाला लावलेल्या जाळीवर फिल्म दाबून ठेवायची आणि उजेड द्यायचा. जिथे उजेड पोचतो तिथला मसाला घट्ट होतो, बाकीचा पाण्याने धुऊन निघतो. 'चि.' आणि 'चि.सौ.कां.' ह्या अक्षरांचा जन्म असाच होतो. मला त्याच पेटीत प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या क्षारांनी माखलेला कागद ठेवायचा होता. प्लॅटिनमचं नाव ऐकून काकांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

हा लेख त्या छापाविषयी आहे आणि त्यामागच्या डिजिटल निगेटिव्हविषयी. पण मला खरा राग आहे तो ह्या माध्यमात काय छापलं जातं आणि कसं, ह्याचा. म्हणून आधी थोडं तंत्र. कंटाळा आला तरी सोडू नका, भांडण त्यातच आहे.

विल्यम विलिस ह्या इंग्रजाने १८७३ मध्ये प्लॅटिनम छपाईचं पेटंट घेतलं. रीत ऐकायला सोपी आहे. फेरिक ऑक्झलेट आणि प्लॅटिनमचा क्षार एकत्र करून कागदावर ब्रशने लावायचे आणि अंधारात वाळवायचे. यूव्ही उजेड पडला की लोखंडाचा क्षार बदलतो. मग कागद पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात बुडवला की तो बदललेला लोखंडाचा क्षार विरघळता विरघळता शेजारच्या प्लॅटिनमच्या क्षारातून शुद्ध धातू खाली बसवतो. क्षणात चित्र येतं. उरलेलं लोखंड सौम्य आम्लात धुऊन काढायचं, नाहीतर कागद पिवळा पडतो. शेवटी कागदाच्या तंतूंत फक्त धातू उरतो. वर जिलेटिनचा थर नसतो, चकाकी नसते. धातू गंजत नाही, त्यामुळे कागद जितका टिकेल तितका फोटो टिकतो. एक गंमत सांगते. असा फोटो वर्षानुवर्षं दुसऱ्या कागदाला चिकटून राहिला तर त्या कागदावरही त्याची फिकट, उलटी सावली उमटते.

अडचण एकच. हा कागद इतका मंद आहे की एन्लार्जरच्या उजेडाला दाद देत नाही. त्यामुळे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवावं लागतं आणि फोटो जेवढा हवा तेवढंच निगेटिव्ह लागतं. जुन्या लोकांना ह्याचं काही वाटत नसे, त्यांचे कॅमेरेच तेवढे असत. आपल्या वऱ्हाडात फिरलेल्या रॉबर्ट गिलचं उदाहरण घ्या. मद्रासच्या फौजेतला हा मेजर १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बऱ्याच १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. दरम्यान तो कॅमेऱ्याकडे वळला होता. अजिंठा, वेरूळ आणि आपल्या लोणारची देवळंही त्याने काचेवर टिपली. वारला १८७९ मध्ये, कबर भुसावळला. चांदूरहून मुंबईकडे जाणारी गाडी आजही त्याच्या कबरीच्या गावावरून जाते. गिलचे छाप प्लॅटिनमचे नव्हते, पण रीत तीच होती: जेवढी काच तेवढा फोटो.

आणि माझ्याकडे काय होतं? १६०० बाय १२०० पिक्सेलची एक फाईल. आजी अंगणात सुपात तूर पाखडते आहे. फोटो मीच काढलेला, मूळ फाईल फोनसोबत पाण्यात गेली. उरली ती फॅमिली ग्रुपवर टाकलेली, दाबून लहान झालेली प्रत. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर सव्वापाच बाय चार इंचांचा फोटो होतो, म्हणजे साधारण जुन्या पोस्टकार्डाएवढा. आजी जाऊन दोन वर्षं झाली. दुसरा फोटो निघणार नाही.

अशा फाईलचं मोठं निगेटिव्ह करण्याची वाट १९९० च्या दशकात मोकळी झाली. अमेरिकन फोटोग्राफर डॅन बर्कहोल्डर ह्याचं ह्या विषयावरचं पुस्तक १९९५ मध्ये आलं. त्याची पहिली युक्ती आपल्या छापखान्यांना अगदी ओळखीची आहे. ऑफसेटवाले प्लेट करण्याआधी ज्या मशिनवर फिल्म काढायचे, त्याच मशिनवर त्याने निगेटिव्ह काढलं. पुढे इंकजेट प्रिंटर सुधारले आणि पारदर्शक फिल्मवर घरीच निगेटिव्ह छापता येऊ लागलं. काकांच्या लेझर प्रिंटरवर मी आधी करून पाहिलं, पण त्यात करडा रंग नसतोच, नुसते काळे ठिपके. भिंगातून पाहिलं तर आजीच्या गालावर वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्यासारखी जाळी. काका म्हणाले, "डॉट तं राह्यतेच." शेवटी अमरावतीला जाऊन पिगमेंट शाई असलेल्या प्रिंटरवर काढून आणलं.

इथे येतो कर्व्ह, म्हणजे वक्ररेषा. साध्या चांदीच्या फोटोपेपरला निगेटिव्हच्या सगळ्यात दाट आणि सगळ्यात पारदर्शक भागात साधारण पंधरापट फरक पुरतो. प्लॅटिनमला तो जवळजवळ शंभरपट लागतो. म्हणजे निगेटिव्ह फार कडक हवं. तेही डोळ्यांना दिसणारं कडक नव्हे, यूव्हीला अडवणारं. पिवळी शाई आपल्याला फिकी दिसते आणि यूव्हीला मात्र भिंतीसारखी अडवते, त्यामुळे नजरेवर विसंबून चालतच नाही. मग करायचं असं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या चौकोनांची एक पट्टी फिल्मवर छापायची, ती प्लॅटिनममध्ये छापायची, सुकल्यावर स्कॅन करायची आणि कोणता चौकोन कुठे जाऊन बसला ते मोजायचं. पन्नास टक्क्यांचा करडा सत्तरवर गेला असेल तर निगेटिव्ह काढताना तेवढा उलटा धक्का द्यायचा. हे सगळे धक्के जोडले की एक वाकडी रेघ तयार होते. तो तुमचा कर्व्ह. तुमचा कागद, तुमची शाई, तुमचं पाणी आणि तुमची हवा ह्यांचा तो कर्व्ह असतो, दुसऱ्याचा उसना घेऊन भागत नाही.

हवा म्हणाल तर मे महिन्यात चांदूरला कागद पापडासारखा होतो. फार कोरड्या कागदावर काळा रंग भरतच नाही, राखाडी आणि रवाळ येतो. लोक मातीच्या माठाजवळ बसून गार होतात, मी माठाजवळ कागद ठेवला. श्रावणात उलट, कागद ओला आणि निगेटिव्ह चिकटण्याची भीती. टांझानियात जन्मलेले भारतीय वंशाचे छायाचित्रकार प्रदीप मालदे आणि इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ माइक वेअर ह्यांनी तर कागदातली दमट हवाच कामाला लावणारी एक रीत बसवली. तिच्यात चित्र उजेडात असतानाच उमटतं, वेगळं डेव्हलप करावं लागत नाही. त्यांचं पुस्तक २०२१ मध्ये आलं. मी वाचलेल्या तांत्रिक पुस्तकांत माणसाच्या डोळ्यांवर आणि हवेवर इतका विश्वास ठेवणारं दुसरं नाही.

कर्व्ह बसवायला मी अकरा कागद घालवले. त्यातले आठ सायनोटाइपचे, म्हणजे स्वस्त निळ्या छपाईचे. प्लॅटिनमच्या क्षाराचा भाव सोनाराच्या दुकानात विचारावा असा आहे, आणि पॅलेडियम तर मधली काही वर्षं प्लॅटिनमच्याही वर गेलं होतं. हे क्षार हातमोज्यांशिवाय हाताळू नका, आणि उडू देऊ नका. श्वासात गेले तर दम्यासारखा त्रास लागतो, तो पुढे सुटत नाही.

बाराव्या कागदावर पट्टी सरळ आली. शून्याला शून्य, पन्नासला पन्नास, शंभरला शंभर. ह्याला लिनियर होणं म्हणतात. मी वाचलेली बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं इथे पोचली की टाळी वाजवून थांबतात. फाईलमध्ये जे आहे तेच कागदावर आलं, काम फत्ते. मीही खूश झाले आणि आजी छापली.

छाप पाण्यातून वर काढला आणि काहीतरी चुकलंय हे कळलं. काय चुकलंय हे कळायला रात्र गेली. आजीचा चेहरा तिच्या हातांचा नव्हता.

सुपावरचे हात काळेभोर, शिरांसकट, कोपरापासून बोटांपर्यंत एका सलग करड्या उताराने गेलेले. चेहरा मात्र पिठूळ, सपाट. मी फाईल उघडून आकडे पाहिले. हातांवर बासष्ट टक्के काळं, गालावर पस्तीस. डोक्यावर सावली असूनही गाल हातांपेक्षा उजळ! फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखून तो 'सुंदर' करण्याची सोय आधीपासून चालू होती आणि मला ती कधी बंद करावीशी वाटली नव्हती. त्या सोयीला चेहरा ओळखू येतो, हात नाही. म्हणून हात खरे राहिले. चार वर्षं हा फोटो फॅमिली ग्रुपवर, स्टेटसवर, दशक्रियेच्या दिवशी फ्रेममध्ये होता. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. फोनच्या काचेवर सगळंच उजळ असतं, एक गाल जास्त उजळ दिसला तर काय. प्लॅटिनममध्ये लपायला जागा नव्हती. ह्या छापाचा काळा रंग चकचकीत फोटोपेपरइतका गडद कधीच होत नाही. त्याची सगळी श्रीमंती मधल्या करड्यांत असते, आणि आपली बहुतेकांची कातडी नेमकी तिथेच राहते.

आता मी ज्यांच्याशी भांडणार आहे त्यांच्याकडे येते.

पहिला पीटर हेन्री इमर्सन. डॉक्टरकी शिकलेला, पैशाने सुखी इंग्रज. १८८६ मध्ये त्याने टी. एफ. गुडाल ह्या चित्रकाराबरोबर नॉरफोकच्या दलदलीतल्या लोकांवर पुस्तक काढलं. आत चाळीस प्लॅटिनम छाप, हाताने चिकटवलेले. बोरू कापणारे, होडी ओढणारे, पाणकमळं वेचणारी जोडी. त्याचा आग्रह होता की फोटोतले करडे रंग डोळ्यांना दिसतात तसेच, एकमेकांच्या नात्यात राहिले पाहिजेत, आणि प्लॅटिनमखेरीज ते दुसरं काही सांभाळू शकत नाही. १८८९ मध्ये त्याने ह्या मताचं पुस्तक लिहिलं. मग हर्टर आणि ड्रिफील्ड ह्या दोघांनी १८९० मध्ये मोजमापं मांडली: प्लेटवर पडलेला उजेड आणि उमटलेला काळेपणा ह्यांचं नातं एका ठरलेल्या वक्ररेषेने बांधलेलं असतं. फोटोग्राफरने डेव्हलपरमध्ये कितीही घुसळलं तरी करड्यांचं आपसातलं नातं त्याच्या मर्जीने हलत नाही. इमर्सन हादरला. दोन वर्षं व्हायच्या आत त्याने काळी किनार लावलेली पुस्तिका काढली, एखाद्या दुखवट्याच्या पत्रासारखी, आणि आपलंच मत मेल्याचं जाहीर केलं. करडे रंग हातात नसतील तर फोटो ही कला नाही, असा त्याचा हिशेब.

लोक ह्या माघारीला हसतात. मला ती इमर्सनची सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. त्याने प्रश्न बरोबर पकडला होता: करडा कुठे बसेल हे ठरवतं कोण? त्याच्या काळात उत्तर होतं, रसायन. माझ्या फोनमध्ये उत्तर आहे, कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहिणारे लोक, ज्यांनी माझ्या आजीला पाहिलेलं नाही आणि जे चेहरा दिसला की तो उजळायचा असं धरून चालतात. शंभरेक वर्षांनी डिजिटल निगेटिव्हमुळे ती वक्ररेषा पहिल्यांदा छापणाऱ्याच्या हातात आली. इमर्सन आज असता तर त्याने ती काळ्या किनारीची पुस्तिका मागे घेतली असती, असं मला वाटतं. आणि आपण त्या रेषेचं काय करतो? फाईलशी इमान राखतो आणि थांबतो. फाईलच खोटी असेल तर ते इमान काय कामाचं?

इमर्सनवर माझा दुसरा आक्षेप आहे. त्याचे बोरू कापणारे सुंदर आहेत, पण ते पुस्तक त्या झोपड्यांत कधी पोचलं नसणार. महागड्या बांधणीत ते दिवाणखान्यात गेलं.

दुसरा फ्रेडरिक इव्हान्स. पुस्तकविक्या, नंतर फोटोग्राफर. त्याचा १९०३ चा वेल्स कॅथीड्रलच्या जिन्याचा फोटो, दगडी पायऱ्या लाटांसारख्या वर चढत जाणारा, तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. इव्हान्स सोवळा. निगेटिव्हला हात लावायचा नाही, छापाला हात लावायचा नाही, जे आहे ते प्लॅटिनममध्ये उतरवायचं. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम दुर्मिळ झालं, कारण बराचसा पुरवठा रशियातून येई आणि युद्धाला स्फोटकांच्या कारखान्यांत तो धातू हवा होता. तेव्हा इव्हान्सने दुसऱ्या कागदाशी तडजोड न करता फोटोग्राफीच सोडली. त्याचा बाणा मला आवडतो. पण त्याला दगड छापायचे होते. त्याच्या जिन्याला कोणी आधीच पावडर लावून ठेवली नव्हती. आज डिजिटल निगेटिव्ह करणाऱ्यांत इव्हान्सचे वारस खूप आहेत. 'फाईलमध्ये ढवळाढवळ नको, शुद्ध लिनियर प्रिंट' असं ते अभिमानाने सांगतात. फोनने ढवळाढवळ आधीच केलेली आहे, बाबांनो. आता हात न लावणं म्हणजे तिच्यावर सही करणं.

तिसरा अर्विंग पेन, आणि इथे माझा राग थोडा विरघळतो. १९५०-५१ मध्ये त्याने पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कच्या कामकऱ्यांना स्टुडिओत बोलावलं, अंगावरच्या कामाच्या कपड्यांत, हातात हत्यारं घेऊन, साध्या पडद्यासमोर. पुढे १९६० च्या दशकात तो प्लॅटिनमकडे वळला आणि ह्यातले बरेच फोटो त्याने पुन्हा प्लॅटिनममध्ये छापले. त्याने कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवला, म्हणजे भिजून वाळल्यावर तो आक्रसणार नाही. मग एकाच चित्राची वेगवेगळ्या कडकपणाची मोठी निगेटिव्हं करून, जागच्या जागी जुळवून, कागद पुन्हा पुन्हा माखून पुन्हा पुन्हा उजेड दिला. आज कर्व्ह जे काम एका रेषेत करतो ते पेनने हातांनी, दिवसचे दिवस घालवून केलं. लंडनच्या धुराड्या साफ करणाऱ्याचा फोटो पाहा. काजळी, कापड आणि कातडी, तिन्ही काळे, आणि तिन्ही वेगळे. (मी तो फोनवरच पाहिलाय, हे कबूल करते. छापाविषयी लिहिणाऱ्याने छाप पाहिलेला असावा हे खरंच, पण चांदूर रेल्वेहून न्यूयॉर्कला पॅसेंजर जात नाही.)

पेनने १९७२ मध्ये रस्त्यावरची सिगारेटची थोटकं उचलून आणली, मोठी करून प्लॅटिनममध्ये छापली. १९७५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लागली. कचरा आणि राजधातू हा विनोद पहिल्यांदा छान लागतो. मला मात्र कामकऱ्यांचे फोटो थोटकांच्या कितीतरी वर वाटतात. थोटकांना स्वतःचा रंग कसा दिसावा ह्याची फिकीर नसते.

चौथं नाव सेबास्तियाव साल्गादो. १९९५ मध्ये त्याने मुंबईत चर्चगेट स्टेशनवर काढलेला फोटो मराठी वाचकाला सांगायला नको. दोन बाजूंना लोकल उभ्या, मध्ये माणसांचा लोंढा, शटर उघडं ठेवल्याने धुरासारखा पुसट झालेला. तो फिल्मवरचा. पुढे 'जेनेसिस' ह्या मोठ्या प्रकल्पाच्या मध्यावर, २००८ मध्ये, तो डिजिटल कॅमेऱ्याकडे वळला. मग फाईलवर सॉफ्टवेअरने जुन्या फिल्मसारखे रवे चढवले आणि त्या फाईलचं निगेटिव्ह काढून अंधाऱ्या खोलीत चांदीच्या कागदावर छाप केले. डिजिटल निगेटिव्हचा जगातला सगळ्यात गाजलेला वापर बहुधा हाच. प्रदर्शनातले जुने आणि नवे फोटो शेजारी लागले तर फरक दिसू नये, ही त्याची गरज मला समजते. तरी ते रवे खटकतात. जो पोत कॅमेऱ्यात नव्हता तो आणून लावायचा, म्हणजे फोटोला वयाचा मेकअप करायचा. माझ्या फोनने आजीला तरुण केलं, साल्गादोच्या सॉफ्टवेअरने फाईलला म्हातारं केलं. दोन्ही कामं एकाच दुकानातली.

आपल्याकडच्या कार्यशाळांत हाच मेकअप सगळ्यात जास्त खपतो. पुण्यात मी ज्या कार्यशाळेत शिकले तिथे शेवटच्या दिवशी सगळ्यांचे छाप दोरीवर लावले. वाड्याचा दरवाजा, वाळलेली फुलं, पागोटंवाला म्हातारा, पुन्हा वाड्याचा दरवाजा. ब्रशच्या कडा मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवलेल्या, 'हातचं' दिसावं म्हणून. प्रत्येक जण महिनाभर कर्व्ह शिकला होता आणि त्या कर्व्हमधून जुनं जुनंच दिसावं एवढीच सगळ्यांची इच्छा होती. मीही दरवाजाच छापला होता.

आजीकडे परत येते. कर्व्ह सगळ्या चित्रावर एकसारखा चालतो. चेहरा खाली आणायला गेले तर हात आणखी काळे होणार. म्हणजे इथे कर्व्हचं काम संपत होतं. चेहऱ्यापुरता मास्क करून तेवढाच भाग गडद करावा लागणार होता. पण किती? आजीच्या गालाचा खरा रंग आता मोजता येत नाही, आणि आठवणीवर माझा विश्वास उरला नव्हता. चार वर्षं तोच खोटा फोटो पाहून माझी आठवणही उजळली असणार.

मग आत्याला अंगणात बसवलं. आत्या आजीची थोरली, रंगाने हुबेहूब तिची. तेच सूप हातात दिलं, तीच सकाळची साडेनऊची वेळ. फोनमधल्या सगळ्या सोयी बंद. आत्याच्या हातात आणि गालात किती फरक पडतो ते मोजलं. गाल हातांपेक्षा थोडे उजळ आले, पण थोडेच. तो फरक आजीच्या हातांना लावून तिचा गाल किती असावा ते काढलं: सत्तावन्न टक्के. इमर्सनचं तेच, करड्यांचं आपसातलं नातं. ही खात्री नाही, अदमास आहे. आत्याचे हात आजीइतके उन्हातले नाहीत. तरी माझ्या मते हा अदमास फोनच्या पस्तीसपेक्षा खरा आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच कर्व्हने जमली नाही. आजीच्या डोक्यावर उन्हाचा एक कवडसा होता, तिथले पांढरे केस फाईलमध्ये जळून गेलेत. तिथे आकडा शून्य आहे, माहितीच नाही. असे उजळ भाग प्लॅटिनम फार हळुवार दाखवतं, पण आधी काहीतरी असावं लागतं. सॉफ्टवेअर तिथे केस काढून देईल, आजकाल मागाल ते देतं. मी तिथे कोरा कागद ठेवला. गालाच्या बाबतीत माझ्याकडे हातांचा पुरावा होता, केसांच्या बाबतीत काहीच नव्हता. पुरावा होता तिथे हात लावला, नव्हता तिथे नाही. ही रेघ मी स्वतःपुरती ओढली आहे. इव्हान्सला दोन्ही पसंत पडलं नसतं.

छाप नीट वाळवून आत्याला दाखवला. तिने खिडकीपाशी नेला, जवळ धरला, लांब धरला.

"माह्या मायले काळी काहून केली वं?"

मी सगळं सांगितलं, फोनचं, हातांचं, सुपाचं. आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली की फ्रेममधला फोटो बदलायचा नाही. हार तोच राहील आणि फोटोही तोच. आयुष्यभर लोकांनी मायला काळी म्हटलं, लग्न ठरताना म्हटलं, सासरी म्हटलं. मेल्यावर एका फोटोत ती गोरी दिसते आहे तर तुझं काय जातं?

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आत्याचं म्हणणं टीकाकाराला खोडता येईल असं नाही. गावच्या फोटो स्टुडिओंनी पिढ्यान्पिढ्या ब्रशने आणि नंतर कॉम्प्युटरवर चेहरे उजळले, ते फक्त धंद्यासाठी नव्हे, गिऱ्हाईक तेच मागायचं. फोनने फक्त न मागता दिलं. पण मला आजीचे हात ह्या छापात जसे दिसले तसे आधी कधी दिसले नव्हते. आणि ते हात त्या चेहऱ्याशी जुळले पाहिजेत, हा हट्ट मी सोडू शकत नाही. भिंतीवर एक फोटो आहे, माझ्या पेटीत एक. पेटीतला जास्त टिकेल, हे रसायनाने ठरवलेलं आहे.

काकांची पेटी परत करायला गेले तेव्हा आत्याही बाजाराला म्हणून बरोबर आली होती. काकांनी फिल्म पुन्हा काचेवर ठेवून ट्यूब लावली, आता ते हौसेने बघायला लागले होते. निगेटिव्हमध्ये काळ्या कातडीच्या जागी शाई कमी, म्हणून फिल्म जवळजवळ पारदर्शक. पांढऱ्या केसांच्या जागी गच्च शाई.

आत्या वाकून बघत राहिली. मग मला कोपराने ढोसलं.

"हे पाह्य. याच्यात गोरी आहे. आन केसही काळे."

फिल्म तिने पिशवीत टाकली, सांबाराच्या जुडीशेजारी, आणि घरी नेली.